कारणाचा रकाना

आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला सगळे 'काटा' म्हणायचे, तराजूचा काटा. शंभरवर दोन पॉइंट ताप असला तर नुसतं शंभर लिहायची नाही. एखादी नवी पोरगी "टाकू का अंदाजे?" म्हणाली की संपलंच. "अंदाज मिठाचा घे, तापाचा नाही!" अठरा वर्षं हेच. मी तिथली मावशी, लादी पुसते. मी वयाने मोठी म्हणून तिच्यामागे 'ती' म्हणते, तोंडावर अहो.

सहाच्या तीन सिस्टर उरल्या आणि पेशंट चौतीस. वरून हुकूम, जमवून घ्या. काय जमवायचं, डोंबल?

त्या सोमवारी सकाळी सिस्टर नऊ नंबरच्या कॉटपाशी थर्मामीटर घेऊन उभी. "आजी, हात जरा उचला बरं." कॉट रिकामी! आजी आदल्याच दिवशी गेल्या होत्या, हिनेच त्यांचे डोळे मिटले होते.

मी हळूच म्हटलं, "सिस्टर, अहो..."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, उद्या मी कुणाला तरी चुकीचं इंजेक्शन देईन."

दुपारीच तिने पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मन थकलं आहे. हातून चूक होईल अशी भीती वाटते.'

ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी अर्ज परत पाठवला. असं कारण यादीत नाही, ताप लिहा. मेट्रनबाई म्हणाल्या, "अगं, लिही की ताप, आत्ता सही करते." शेवटी मीही हात जोडले, "लिहा हो, कोण बघतंय?"

"मला ताप नाही, मावशी."

तीनदा अर्ज गेला, तीनदा परत आला. आणि जखमेवर मीठ म्हणजे 'आनंदी कसं राहावं' यावर व्याख्यान ठेवलं, तेही तिच्या सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची! असा संताप आला, वाटलं बादलीच ओतावी एकेकाच्या डोक्यावर.

शनिवारी तिने दुसराच कागद दिला. मी ऑफिसची लादी पुसत होते. भाऊसाहेबांनी वाचला, आत नेला, दहा मिनिटांत सहीशिक्क्यासकट बाहेर आणला. सिस्टर कागद घेऊन गेली.

मला राहवलं नाही. "आज नाही विचारलंत कारण?"

"राजीनाम्याला कारण लागत नाही, मावशी," ते म्हणाले.