एका काट्यावर दोन पिशव्या

वागळे इस्टेटमध्ये माझ्या चक्कीला लागूनच पोपटचं किराणा दुकान. गिऱ्हाइकाला चार दाणे जास्तच जातील, कमी नाही, असा माणूस. म्हणून गांजा पकडला की पोलीस मोजायला त्याचाच काटा मागवायचे आणि पंच म्हणून सहीही त्याचीच घ्यायचे. त्यांना नाही कोण म्हणणार?

तीन वर्षांपूर्वी भर दुपारी नाक्यावर एका स्कूटरवरची दोन मुलं पकडली. दोघं एकाच कॉलेजातली. सर्वेश वर्तकनगरचा, बाप इंजिनिअर, पोपटचं जुनं गिऱ्हाईक. गोविंदा मोहन्याच्या कातकरी वाडीतला. दोघांच्याही सॅकमध्ये एकेक पिशवी. सर्वेशची भरली नऊशे ग्रॅम, गोविंदाची सातशे.

"साहेब, हा चांगल्या घरचा आहे," पोपट सर्वेशकडे बोट दाखवून म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनी सर्वेशला घरी पाठवलं आणि दोन्ही पिशव्या एकदम काट्यावर ठेवल्या. पंचनाम्यात नाव एकट्या गोविंदाचं, वजन एक किलो सहाशे. किलोच्या आत असेल तर फार तर वर्षभराची शिक्षा, वर गेलं की दहा वर्षांपर्यंत. पोपटने सही ठोकली. हे त्यानेच मला सांगितलं तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या. चांगलं घर म्हणजे काय रे, दोन बाल्कन्या?

गोविंदाला जामीन राहायला कोणी मिळेना. एकदा त्याची आई ठमाबाई दुकानात आली. "शेठ, तुमीच तोललं ना? माज्या पोराचं किती भरलं?" पोपट गल्ल्यातली चिल्लर मोजत राहिला. त्यानंतर डाळसुद्धा तो दोन-दोनदा तोलायचा.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी म्हटलं, "खोटी सही कबूल केलीस तर तूच आत जाशील."

"जाऊ दे," तो म्हणाला.

कोर्टात त्याने सगळं सांगितलं, स्वतःचं ते वाक्यसुद्धा. निकालाला मीही पोपटसोबत गेलो. जजसाहेबांनी गोविंदाला सातशे ग्रॅमपुरतंच दोषी धरलं. वर्षाची शिक्षा, आणि आत राहून झाली होती जवळजवळ तीन वर्षं. तो सुटला.

बाहेर पोपट त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. 

"सर्वेश पास झाला का?" गोविंदाने विचारलं.

"हो. मागच्या वर्षीच. नोकरीला लागला."

गोविंदाने मान हलवली आणि तो आईमागोमाग निघून गेला.

"त्याने मला शिवी तरी द्यायची होती रे," पोपट म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला.