फायरवॉलच्या गळ्यातला हार

माझी धाकटी बहीण रागिणी कमी बोलते, आणि चिडली की आणखी कमी. अकोल्यात आम्हा दोघींचं नेटवर्किंगचं दुकान आहे. ती वायरी जोडते, मी बिलं करते आणि भांडते.

महादेवरावांच्या कापसाच्या जिनिंग मिलचं काम तिनंच केलं होतं. त्यांना तेल्हाऱ्याचा वजनकाटा अकोल्यात जिनिंगवरच असलेल्या ऑफिसशी जोडायचा होता. त्यासाठी व्हीपीएन राउटर लागतो. तो इंटरनेटवरूनच दोन ठिकाणांमध्ये खासगी वाट करतो. ऑफिसात फायरवॉल आधीपासून होती, म्हणजे बाहेरून येणारं सगळं तपासून आत सोडणारी पेटी. रागिणीनं राउटर तिच्या मागे बसवला आणि फायरवॉलमधून फक्त तेल्हाऱ्यापुरती वाट उघडली. मॅनेजर शेखरभाऊंना बजावलं, "यातली एकबी वायर हालवू नका."

मग खंडेनवमी आली. जिनिंगमधलं झाडून सगळं पूजेला मांडलं: पाने-पकडी, तराजू, कॉम्प्युटर, आणि कपाटातून उपसून काढलेली फायरवॉलसुद्धा. पूजेबद्दल माझं काही म्हणणं नाही, दुकानात आम्हीही करतो. पण चालू लाइनच्या वायरी उपटून करत नाही. नंतर शेखरभाऊंनी सगळं आपल्या मनानं परत लावलं. इंटरनेटची वायर सरळ राउटरमध्ये, ऑफिसचीही राउटरमध्ये. फायरवॉलला नुसती वीज दिली. तेल्हाऱ्याची वजनं येत होती, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी बाहेरून आत शिरलं आणि ऑफिसच्या सगळ्या फायली कुलूपबंद करून टाकल्या. कापसाच्या गाड्या काट्यावर अडकल्या. जिनिंगच्या लोकांनी आम्हाला एका शब्दानं न विचारता गावभर सांगितलं की रागिणीच्या राउटरनं व्हायरस आणला. अंजनगाव सुर्जीच्या देवरावांनी त्यांच्या मिलमधल्या फायरवॉलमागे असाच राउटर बसवायचं ठरलेलं काम फोनवरच रद्द केलं. वर्षभर त्या कामाच्या मागे होतो आम्ही. माझं डोकं सणकलं.

तडक जिनिंगवर गेलो. रागिणीनं कपाट उघडलं. फायरवॉलच्या गळ्यात सुकलेला झेंडूचा हार, वर कुंकू, पेटीचे दिवे लागलेले, आणि नेटची एकही वायर तिच्यात गेलेली नव्हती.

"दिवे तं लागून होते," शेखरभाऊ म्हणाले. रागिणीनं नुसतं हाराकडे बोट दाखवलं.

"म्हंजे तू पूजेले दोष देऊन राहिली का?" महादेवरावांनी विचारलं.

"पूजेले नाई, काकाजी," रागिणी म्हणाली. " वायरी उपटल्या त्या हाताले देऊन राहिली."

"बरं, झालं ते झालं. आता नीट लावून दे आन् विषय संपव."

बदनामी चारचौघांत केली आणि मिटवायचं मात्र कपाटाच्या आड. मी तोंड उघडणार होते, पण रागिणीनं माझा हात दाबला.

"आधी देवरावकाकाले फोन लावा," ती म्हणाली. "स्पीकरवर. तवरी मी हात लावत नाई."

महादेवरावांनी नाइलाजानं फोन लावला. "देवराव, पोरीची चूक नोती. मशीनच बिघडली होती."

"मशीनबी बिघडली नोती," रागिणी म्हणाली. "पुरं सांगा."

महादेवरावांनी शेखरभाऊंकडे पाहिलं. 

"आमच्या शेखरनं पूजेसाठी फायरवॉल काढली," अखेर महादेवराव म्हणाले, "आन् वायरी भलत्याच लावल्या."

 पलीकडून देवराव हळूच म्हणाले, "रागिणी, तू उद्याच ये बरं. आमीबी पूजेसाठी काढली होती."