बायांच्या बाजूचा पिक्चर

आमच्या लहानपणी सौंसरात गणपतीत मैदानावर पिक्चर लागे. मधोमध पांढरा पडदा, पडद्याच्या पुढे पुरुष आणि मागे बाया, अशी रीतच होती. बाबा पुढे बसत, आई मला घेऊन मागे. मागून सगळं उलटं दिसतं हे आमच्या गावीही नव्हतं. पडद्यावरची उलटी अक्षरं पाहून, पिक्चरवाले अशीच लिहीत असतील, अशी मी समजूत करून घेतली होती.

त्यातला गाण्यांनी ठासून भरलेला एक पिक्चर आईच्या डोक्यात पक्का बसला. त्यात नायिका झोक्यावर बसून गाते आणि तिच्या डाव्या कानामागे शेवंतीचं फूल असतं. दुसऱ्या दिवसापासून आईच्याही डाव्या कानामागे फूल आलं, ते आजतागायत. बाबा म्हणायचे, फूल उजवीकडे होतं. आई म्हणायची, तुमचं लक्ष फुलावर होतं की आणखी कुठे? या भांडणावरच आम्ही लहानाचे मोठे झालो.

परवा दोघं पांढुर्ण्याला माझ्याकडे आले तेव्हा मी तोच पिक्चर टीव्हीवर लावला. पहिलंच गाणं सुरू झालं आणि मी, घरात सून आलेली बाई, चहाचा ट्रे हातात घेऊन नाचले. अर्धा चहा बशीत गेला. आई ताल धरून टाळ्या वाजवत होती. मग झोका आला. फूल उजव्या कानामागे!

बाबा ताडकन उठले. "पाह्य, मी इतके वर्स काय सांगून राहिलो?"

आपण पडद्यामागून सगळं उलटं पाहायचो हे माझ्या डोक्यात तेव्हा कुठे शिरलं. हसून हसून मुरकुंडी वळली. तशातच मी आईलाही ते समजावून सांगितलं. पण ती हसली नाही. तिने कानामागचं फूल काढून मांडीवर ठेवलं.

"म्हणजे मी सारी जिंदगी उलटंच पाह्यलं," ती म्हणाली.

बाबांच्या विजयातली हवाच गेली. तिचा पिक्चर आम्ही तिच्याकडून हिसकावून घेतला होता.

बाबा आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी मला हाक मारली. आम्ही दोघांनी उभा आरसा उचलून आणला आणि टीव्हीसमोरच्या भिंतीला टेकवला. खाली सतरंजी टाकून बाबांनी आईला टीव्हीकडे पाठ करून बसवलं. मी गाणं पुन्हा लावलं. आरशात झोका हलला, फूल डाव्या कानामागे. आई तोंडाला पदर लावून खुदखुदायला लागली, मग चांगली मोठ्याने हसली, आणि माझंही हसू परत सुरू झालं.

बाबा गुडघे धरत तिच्याशेजारी खाली बसले. आरशावरची नजर न काढता तिने त्यांना कोपराने ढोसलं. "अजी, ही बायांची बाजू हाय."

"असू दे," बाबा म्हणाले. "मले इकडून कधी पाहाले भेटलंच नाही."