सीटवाल्याच्या दोन गाड्या

सीटवाल्याचं स्वतःचं बूड दोन मिनिटं एका जागी टिकत नसे, आणि आयुष्य मात्र लोकांची बुडं सुखात टेकवण्यात चाललं होतं. गॅरेजमागच्या खोलीत त्याचं दुकान होतं. फोमच्या लाद्या, रेक्झिनची भेंडोळी, जाड सुईचं मशीन आणि डोकं धरेल असा गोंदाचा वास. लांबच्या प्रवासाला निघालेला कुणी मोटरसायकलवाला आला, की हा त्याला गाडीवर बसवायचा. कंबर कुठे वाकते, तळवे कुठे टेकतात ते पाहायचा आणि खडूने खुणा करायचा. त्याने केलेल्या सीटवर माणूस सकाळी बसला, की संध्याकाळपर्यंत कुरकुर करत नसे.

त्याची स्वतःची गाडी मात्र हडकुळी. वजनाला हलकी, हँडल अरुंद, सीट म्हणजे निव्वळ फळी. ती घेऊन तो दर रविवारी घाटात जायचा. वळणावर गाडी कलली, की त्याच्या अंगातली चुळबुळ गप्प व्हायची. एरवी घरात तो जेवतानाही तीनदा उठायचा.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. तिची धाकटी बहीण घाटापलीकडे, दिवसभराच्या वाटेवर राहायची. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा बायको म्हणाली, "बसने माझी निम्मी कंबर मोडते. तुमच्या गाडीवर बसले तर उरलेली मोडेल. अख्ख्या जगाला गाद्या शिवता, आणि माझ्या वाटणीला फळी!"

हे त्याला लागलं. त्याने तीन गाड्या चालवून पाहिल्या. एक इतकी उंच, की बायकोला चढायला स्टूल लागलं असतं. दुसरीवर पुढे वाकून वाकून मनगटं भरून आली. तिसरी मोठी, दोन सिलिंडरची, पुढे वारा अडवणारी रुंद काच. बायको मागे बसली आणि म्हणाली, "हीच." आठ दिवस खपून त्याने तिची सीट केली. बायकोच्या पाठीला टेकू दिला, तोही दोनदा उसवून.

सपाटीवर गाडी अशी चालली, की बायकोला डुलकी लागली. याचा जीव मात्र तिसऱ्या तासाला आंबून गेला. सोफ्यावर बसून भिंत पाहत राहावं, तसं त्याला होऊ लागलं. आणि मग घाट लागला.

त्याच्या अंगात वारं शिरलं. ते जड धूड त्याने हडकुळीसारखं वळणात झोकायला सुरुवात केली. तिसऱ्या वळणावर पाय ठेवायचा पायटा रस्त्याला घासला, ठिणग्या उडाल्या, गाडी पलीकडच्या बाजूला भरकटली. समोरून ट्रक. त्याचा कर्कश हॉर्न कानात शिरला, आणि वीतभर अंतरावरून ते निसटले.

त्याने गाडी कडेला घेतली. बायको उतरली. हेल्मेट काढताना तिला पट्टा लवकर सुटेना. आरडाओरडा तिने केला नाही.

"अहो, मी मागे बसलेय, हे तुमच्या लक्षात होतं?"

खोटं बोलायला त्याला वाव होता.

"नाही," तो म्हणाला.

तिने हात करून बस थांबवली आणि चढून बसली. तो बहिणीच्या घरापर्यंत त्या बसच्या मागे मागे, धूर खात गेला. परत येतानाही तसाच.

पुढचे दोन महिने मोठी गाडी ताडपत्रीखाली होती. हडकुळीवर तो घाटात जाऊन यायचा, पण मनाला स्वस्थता मिळेना. प्रत्येक वळणावर तो हॉर्न कानात वाजायचा. शेवटी एकदा जेवताना म्हणाला, "मोठी विकून टाकतो."

"विकू नका. मला शिकवा."

तो हसला. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. बावन्नाव्या वर्षी ती थट्टा करत नव्हती.

तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते. इतक्या मेहनतीने केलेली सीट त्याने फाडली, दोन बोटं फोम कापला, पुढची बाजू निमुळती केली. तरी टाचा अधांतरी. पुन्हा कापला. शाळेच्या मोकळ्या मैदानात ती शिकली. दोनदा उभ्या उभ्या गाडीसकट आडवी झाली. तो ओरडला, की शांतपणे म्हणायची, "ओरडल्याने गाडी उचलली जाणार आहे का? तिकडून धरा."

चार महिन्यांनी दोघं बहिणीकडे निघाले, ती मोठीवर आणि तो हडकुळीवर. सपाटीवर त्याचे हाल कुत्रा खाईना. तासातासाला उतरून तो मांड्या चोळायचा, तोवर ती आरशात पाहून केस सारखे करायची. घाट लागला तसा तो सुटला. माथ्यावर पोचला आणि वाट पाहू लागला.

पाच मिनिटं गेली, मग दहा. खालून कुठलाही हॉर्न आला, की तो रस्त्याच्या कडेला धावायचा. त्याने दगड लाथाडले, दरीत वाकून पाहिलं. आपण मागे बसवून हिला काय दिलं होतं, ते त्याला तिथे उभं राहून कळलं. पंधराव्या मिनिटाला त्याने गाडी वळवली आणि खाली निघाला.

सातव्या वळणावर ती दिसली. मागे पाच-सहा मोटारींची रांग, आणि ही बाई राणीसारखी सावकाश, रुंद वळण घेत वर येत होती. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, नजर वळणावर होती. तो रांगेच्या शेवटी लागला.

माथ्यावर तिने विचारलं, "खाली कशाला आलात? पडले असेन असं वाटलं?"

"हो."

"मग तेव्हा मला काय वाटलं असेल?"

तिने थर्मास काढून त्याच्यापुढे चहा धरला.

याला आता सहा वर्षं झाली. माथ्यावर थांबणं त्याला अजून जमलेलं नाही. तो वर जातो, तिला शोधत खाली येतो, पुन्हा वर जातो. ती घाट एकदा चढते, तेवढ्यात याचा तीनदा होतो. बहीण फाटकात उभी राहून विचारते, "भावजी कुठे?" आणि बायको हातमोजे काढत म्हणते, "येतील. मघाशी परत खाली गेलेत."