दीपाली सिस्टरचं ‘व्हय म्हाराजा’

सकाळी ड्युटी बदलताना मेट्रन नियमांची यादी वाचायच्या. शेवटचा नियम संपला की मागून बारीक आवाज यायचा, “व्हय म्हाराजा!” देवळात गावकार गाऱ्हाणं घालतो आणि सगळे होकार भरतात, अगदी तस्सा. अख्खा वॉर्ड हसायचा, पेशंटसुद्धा. फक्त मेट्रन हसायच्या नाहीत.

तो आवाज दीपाली सिस्टरचा. माझी आई कणकवलीच्या एका खाजगी इस्पितळात आठ दिवस होती, तेव्हा ती मला भेटली. मिठबावची, नुकतंच नर्सिंग झालेली, नोकरीला जेमतेम दोन महिने. मी आरोग्य हक्कांची पत्रकं काढतो. त्यातलं एक वाचून ती म्हणाली, “दादा, तुमच्या पत्रकाक बीपी आसा. गोळी देवया काय?”

तिचं त्या नोकरीशी काही जमत नव्हतं. तिथे एका खाटेला तीन मिनिटं. सलाईन बघा, नोंद करा, पुढे व्हा. ही थांबायची. आईच्या शेजारच्या आजींचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत, “माजा काय होतला गो बाये?” ठरलेलं उत्तर होतं, “डॉक्टरांना विचारा.” डॉक्टर यायचे, फाइल बघायचे, जायचे. दीपाली स्टूल ओढून बसली. “आजये, पोटार इतकीशी चीर घालतले. जाग येयत तेवा दुखात. पण मी हंयच आसय.” आजींनी घट्ट धरलेला तिचा हात सोडला आणि त्या झोपल्या. दीपालीला मेमो मिळाला: ‘पेशंटशी अनावश्यक संभाषण.’

अनावश्यक! खाटेवर पडलेल्या माणसाला स्वतःच्या पोटाचं काय होणार हे कळणं अनावश्यक!

चिडलो मी. ती नाही. “हंयचा काम वायट नाय, दादा. त्यांका पटापट चलणारी व्हयी. माका बसाक व्हया. मी राजीनामो दिलंय.” अडचण एकच होती. नोकरीला लागताना तिची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसने ठेवून घेतली होती, आणि गुरुवारी गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तिची मुलाखत होती. मूळ कागदांशिवाय तिथे उभं करत नाहीत. तिने गोडीगुलाबीने मागितले. ऑफिस म्हणालं, सोमवारी देतो.

मी काय केलं? रविवारी पत्रक काढलं. ‘आजीशी बोलली म्हणून मेमो! प्रमाणपत्रं ओलीस!’ एसटी डेपोत वाटलं, बाजारात वाटलं. नाव घातलं नव्हतं, म्हणजे माझ्या मते मी काळजी घेतली होती. स्टूल ओढून बसणारी सिस्टर त्या इस्पितळात एकच आहे, हे डोक्यात आलंच नाही. सोमवारी ऑफिसच्या टेबलावर ते पत्रक होतं आणि ऑफिस म्हणालं, “साहेब मुंबईहून आले की बघू.” साहेब आले नाहीत. गुरुवार गेला. झेरॉक्स चालली नाही, जागा दुसरीला मिळाली. मी इस्पितळाच्या ऑफिसात जाऊन आवाज चढवला. “तुम्ही नातेवाईक का?” नव्हतो. संपलं. ते कागद आजही तिथल्या कपाटात आहेत.

शुक्रवारी ती डेपोवर दिसली. पायाशी बॅग, हातात घडी घातलेला गणवेश.

“तुमी लिवल्यात ता सगळा खरा, दादा. पण माका इचारल्यात काय?”

मी नेहमीसारखा बोलत सुटलो. आधी रजिस्टर पत्र टाकायचं, मग वरच्या कचेरीत तक्रार, तरी नाही ऐकलं तर कलेक्टर ऑफिससमोर बसायचं, तू फक्त सांगतो तिथे सह्या कर. तिने सगळं ऐकून घेतलं. मिठबावची गाडी लागली. पायरीवर चढून ती वळली आणि त्याच बारीक आवाजात म्हणाली,

“व्हय म्हाराजा.”

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मेट्रनसारखाच मी हसलो नाही.