अपवादाची ओळ

अण्णा कधी माणसांशी भांडले नाहीत. ते नियम लिहीत. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात दोनशे कॉम्प्युटर होते आणि अण्णा ते सगळे आपल्या खुर्चीतून हाकत. संध्याकाळी सहाला सगळे आपोआप बंद होत, बाहेरचा पेन ड्राइव्ह लावला की आधी त्याची तपासणी होई. कोणी कुरकुरलं तर म्हणत, "मशीनला साहेब आन् शिपाई कळत न्हाय की. तेच बरं हाय."

त्यांची एक खोड होती. नियमाला अपवाद करावा लागला, तर तिथेच कॉम्प्युटरमध्ये, नियमाखाली एक ओळ लिहून ठेवत: कोणी सांगितलं, कधी सांगितलं. मी त्यांच्या हाताखाली नवी होते, मला हसू यायचं. "हस की," ते म्हणायचे, "मानूस लई लवकर इसरतो."

आमच्या अधीक्षकांना तपासणीसाठी दोन मिनिटं थांबणं कमीपणाचं वाटे. त्यांनी तोंडी हुकूम सोडला आणि त्यांचा पेन ड्राइव्ह तपासणीतून सुटला. परीक्षेच्या तोंडावर त्यातूनच व्हायरस आला, मुलांच्या गुणांच्या फायली गेल्या. अधीक्षकांनी कानांवर हात ठेवले. अण्णांनी ओळ दाखवली, तर म्हणाले, "ही तुम्ही आत्ता लिहिलीत." सगळ्या स्टाफसमोर माफीनामा लिहून घेतला आणि अण्णांना घरी बसवलं. तेव्हा मी गप्प राहिले. तो राग अजून गेलेला नाही, अधीक्षकांवरचाही आणि माझ्यावरचाही.

अण्णांची खुर्ची माझ्याकडे आली. मी एकच नवा नियम लिहिला: दर सोमवारी साडेदहाला कॉलेजातल्या प्रत्येक प्रिंटरने ती ओळ छापायची. "अधीक्षकांचा पेन ड्राइव्ह तपासू नये. अधीक्षकांचा तोंडी हुकूम." खाली तारीख. पहिल्याच सोमवारी अधीक्षक धावत आले. "बंद करा हे."

"करते सर. काय बंद करायचं, तेवढं लेखी द्या."

ते लेखी देईनात. दर सोमवारी त्यांचा चेहरा बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? चौथ्या सोमवारी प्राचार्यांनी नियमांचा जुना बॅकअप उघडायला लावला. ओळ वर्षभर आधीची निघाली. "अण्णांची चूक नव्हती," प्राचार्य मला म्हणाले, "आता विषय संपवा."

मी अण्णांच्या घरी गेले. वाटलं, रागावतील, बंद कर म्हणतील. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"माझा माफीनामा कुटं हाय?"

"फायलीत."

"काडून देतो म्हनले का?"

"नाही."

"मग सोमवार चालू ठेव," अण्णा म्हणाले. "कागद संपला तर सांग. मी आनून देतो."