टेपवरचं इंग्रजी

दादा नागपूरहून भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. होऊन लोणारला परतला, तेव्हा मी मॅट्रिकला होते. परदेशातल्या एका विद्यापीठानं त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती. फक्त मुंबईला जाऊन इंग्रजीची परीक्षा पास व्हायचं होतं. त्यातला एक भाग ऐकण्याचा. टेपवर कुणीतरी गोरा माणूस बोलणार आणि ते ऐकून उत्तरं लिहायची.

आमचं बसस्टँडजवळ किराणा दुकान. घरात इंग्रजी वाचता येणारी दादाखेरीज मी एकटीच. मग रोज संध्याकाळी ओसरीवर मी इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायची. एक वाक्य संपेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहायचा, मग मान खाली घालून लिहायचा. माझे उच्चार पार वऱ्हाडी, तरी त्याची चूक क्वचितच व्हायची. मी पेपर तोंडासमोर धरला की मात्र चिडायचा.

"खाली कर ना तो पेपर. तोंड दिसू दे तुझं."

मला वाटायचं, उच्चार शिकायची ही त्याची रीत असेल.

शेजारच्या मास्तरांकडे रेडिओ होता. दादा तिथं इंग्रजी बातम्या ऐकायला जायचा आणि रेडिओला कान लावून बसायचा. "खरखर लई आहे," म्हणायचा. मास्तर हसायचे, "आज तं स्टेशन एकदम साफ लागलं बे!"

परीक्षेला बाबा सोबत गेले. दोघं रात्री परत आले. दादा जेवला नाही. मी ओसरीवर त्याच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा बोलला.

"लिहायचा पेपर सगळा आला. मंग टेप लागली. बाजूचे पोरं लिहून राह्यले होते. मले नुसता आवाज येऊन राह्यला होता, शब्द नाही."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं मशीन खराब आहे. हात वर केला. तिथले साहेब म्हणाले, बाकीच्यांना तर ऐकू येतंय."

आई दारात उभी राहून ऐकत होती. दादाची तिच्याकडे पाठ होती. तिनं हळूच त्याला हाक मारली. पुन्हा मारली. तो माझ्याकडेच बघत राहिला. लहानपणी त्याचा कान फुटला होता आणि तिनं गरम तेल घातलं होतं, एवढंच ती पुन्हा पुन्हा बोलत राहिली.

बाबांनी त्याला अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तेलाचा काही संबंध नाही, दोन्ही कानांच्या नसा कमजोर आहेत, आणि ऐकू येणं कमीच होत जाईल. आईनं हे कधी मानलं नाही.

निकाल आला. ऐकण्याच्या भागात नापास. परीक्षा पुन्हा देता येईल, असं विद्यापीठानं कळवलं. मी म्हटलं, "दादा, डॉक्टरचा कागद पाठवू. ते समजून घेतील."

"घेतीनही. पण तिथं वर्गात बसून मी काय ऐकू?"

त्यानं विद्यापीठाला उत्तर दिलं नाही. मेहकरला शाळेत नोकरी धरली. तो फळ्याकडे वळला की पोरं मागून वाटेल ते बोलायची. त्याला ते कळत नव्हतं, पण वळल्यावर सगळ्यांचे हसरे चेहरे दिसायचे. दुसऱ्या वर्षी तो नोकरी सोडून आला आणि बाबांच्या दुकानात बसू लागला. लग्नाचा विषय त्यानं काढू दिला नाही. माझं मात्र झालं, मी अमडापूरला गेले.

उल्का पडून झालेलं लोणारचं सरोवर बघायला परदेशातले अभ्यासक यायचे. एकदा मी माहेरी असताना एक गोरा माणूस बिस्किटं घ्यायला दुकानात आला, दाढीमिशांत त्याचे ओठ दिसतही नव्हते. खिशातून काळा दगड काढून तो दादाला त्याच्याबद्दल काहीतरी विचारू लागला. दादानं दगड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग हसून परत दिला आणि बिस्किटाचा पुडा पुढं केला.

मी घाईनं पुढं झाले. "दादा, तो विचारून राह्यला..."

"राहू दे," तो म्हणाला. "त्याची गाडी उभी आहे. त्याले उशीर होईन."